काय मोजताय?

माझी चित्रकला कुठवर आली आहे हे मला विचारू नका, माझ्या पाठीमागे उभं राहणाऱ्यांना विचारा. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी घडीचं स्टूल, वही आणि रंगांची डबी घेऊन संभाजीनगरच्या कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला बसतो आणि दर रविवारी कुणी ना कुणी पाठीमागे येऊन उभं राहतं. या परीक्षकांना कुणी नेमलेलं नाही. ते फी घेत नाहीत आणि निकाल जागच्या जागी देतात. पहिल्या वर्षी निकाल होता, "काय मोजताय?" दुसऱ्या वर्षी, "हे काय आहे?" तिसऱ्या वर्षी, "हे असं नाहीये." मी याला प्रगती म्हणतो. 'हे असं नाहीये' म्हणण्यासाठी 'हे' काय आहे ते आधी ओळखू यावं लागतं.

मी लेखा विभागातून निवृत्त झालो. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा तपासल्या. चित्रकलेचं माझं शिक्षण म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी दिली होती, 'सी' ग्रेड मिळाली. वस्तुचित्रात तांब्या बरा आला होता, घात झाला स्मरणचित्रात. सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या बायका काढायच्या होत्या. मराठवाड्यातल्या मुलाला हा विषय आठवायची सुद्धा गरज नसते, पण मला हात काढता येत नव्हते. मी सगळ्या बायकांच्या कमरेवर घागरी दिल्या आणि त्यांचे हात घागरींमागे दडवले. पुढे पंचेचाळीस वर्षं गेली, हात अजून जमलेले नाहीत. माझ्या चित्रांतली माणसं खिशात हात घालून फिरतात. गुलमंडीचा भर बाजार, ऐन दिवाळी, आणि एकाही माणसाच्या हातात पिशवी नाही! सगळे नुसते भाव विचारून परत निघाल्यासारखे दिसतात.

निवृत्तीनंतर मी घरात बसून हिला स्वयंपाकातल्या खर्चाबद्दल सूचना करायला लागलो. तिसऱ्याच आठवड्यात मुलीनं पुण्याहून एक वही आणि रंगांची डबी पाठवली. आई-मुलीचं आधी बोलणं झालं असणार. सोबत फोनवर माहितीही आली. अमेरिकेत सिअ‍ॅटलला वृत्तपत्रात काम करणाऱ्या गाब्रिएल काम्पानारिओ नावाच्या माणसानं २००७ मध्ये अशा रस्त्यावर बसून चित्र काढणाऱ्यांना एकत्र आणलं, त्यातून 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ झाली, आता जगभरच्या शहरांत लोक असे बसतात. त्यांचा एक जाहीरनामाही आहे. फोटोवरून काढायचं नाही. जागेवर बसायचं, डोळ्यांनी दिसेल तेच आणि खरं काढायचं.

मी तो वाचून दाखवला तेव्हा ही भाजी निवडत होती. म्हणाली, "पुन्हा वाचा बरं पहिलं कलम." मी पुन्हा वाचलं. त्यात 'आत किंवा बाहेर' असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

"मग आत बसून काढा की. ऊन लागायचं नाही."

चौतीस वर्षं कलमं वाचण्यात गेलेल्या माणसाला तो शब्द दिसला नव्हता. तरीही मी बाहेरच जायचं ठरवलं. हिनंही फार आग्रह धरला नाही. ती वही कुणाच्या सोयीसाठी आली होती ते हिला माहीत होतं.

पहिला रविवार मी रंगारगल्लीत काढला. चित्रकारानं सुरुवात करायला यापेक्षा शुभ नाव शोधून सापडायचं नाही. गुलमंडीपासून आत वळलो आणि एका जुन्या दुमजली घरासमोर बसलो. वर लाकडी सज्जा, गंजलेले गज, खाली दुकानाचं शटर. पेन्सिल समोर उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा खाली-वर सरकवत घराची उंची घ्यायची, हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. पाच मिनिटांत वरची खिडकी उघडली. आणखी पाच मिनिटांनी ती धाडकन बंद झाली. मग सत्तरीच्या एक मावशी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली आल्या.

"साहेब, मागच्या वेळेला पुढचे सात फूट दिले ना आम्ही."

"मावशी, मी चित्र काढतोय."

"तेच म्हणते मी. चित्रात आमचं घर लाइनीच्या आत दाखवा."

ज्यानं या गावात रस्तारुंदीकरण पाहिलं आहे त्याला मावशींचा धसका समजेल. इथं कागद-पेन्सिल घेऊन घराकडे एक डोळा मिटून बघणारा माणूस कलावंत असू शकतो ही कल्पनाच कुणाला येत नाही. तो बघून जातो, नंतर भिंतीवर लाल रंगाची खूण उमटते, आणि त्यानंतर जे येतं त्याला पिवळा रंग आणि पुढे लोखंडी दात असतात. माझ्या डबीत लालही होता आणि पिवळाही. मी डबी हळूच मिटली.

मावशींनी पिशवीतून पीआर कार्ड काढलं, घरपट्टीच्या पावत्या काढल्या. आता माझी खोड आडवी आली. पावत्या समोर आल्यावर त्या सालवार न लावता परत देणं मला जमत नाही. मी त्या मांडीवर घेतल्या, क्रमानं लावल्या आणि सवयीनं बोलून गेलो, "दोन हजार सात-आठची दिसत नाही."

मावशींचा चेहरा पडला. त्या तशाच वर गेल्या. येताना एका हातात ती पावती होती आणि दुसऱ्या हातात चहा. मी पावती जागेवर लावली, चहा घेतला आणि माझा हेतू शुद्ध असल्याचा पुरावा म्हणून वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे आमचं घर?"

"हो."

"मग जिन्यावरची खिडकी कुठंय?"

खरं सांगायचं तर मी ती विसरलो होतो. मी काही बोलायच्या आत मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती आम्ही नंतर काढली, परवानगी नव्हती घेतली. म्हणून नाही दाखवली ना? फार बरं केलंत, साहेब."

माझ्या चित्रातल्या चुकीबद्दल माझे आभार मानले गेल्याचा हा आजवरचा एकमेव प्रसंग आहे.

त्यानंतर मी ठरवलं की कुणाची मालकी नाही अशाच गोष्टी काढायच्या. आमच्या गावात त्यासाठी दरवाजे आहेत. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून आम्ही पाहुण्यांना सांगतो. पाहुण्यानं दाखवा म्हटलं तर मात्र डझनभर दाखवून त्याला जेवायला नेतो. त्यांतला भडकल दरवाजा मला सोयीचा पडला, कारण समोर चहाची टपरी आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली आणि दोन वर्षांनी, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा उभा केला. पुढे खडकीचं औरंगाबाद झालं, अलीकडे संभाजीनगर झालं, आणि दरवाजा होता तिथंच राहिला. उभं राहण्याचा एवढा सराव असलेलं मॉडेल मला दुसरं कुठलं मिळणार?

मी भडकल दरवाजा आतापर्यंत वीस वेळा काढला आहे. अडचण कमानीची आहे. ही कमान गोल नाही, टोकदार आहे. दोन वक्ररेषा दोन बाजूंनी चढत जातात आणि वर एका बिंदूवर भेटतात. डावी रेषा मला छान येते, कारण ती मी मनाला येईल तशी काढतो. उजवी मात्र डावीच्या तोलाची यावी लागते, आणि तिथं माझा आणि डावीचा वाद सुरू होतो. पहिल्या चित्रात कमान कांद्यासारखी झाली. तिसऱ्यात बदामासारखी. सातव्यात ती झोपेत कूस बदलल्यासारखी एका अंगावर वळली. म्हणजे डावी बाजू मलिक अंबरची आणि उजवी माझी.

आठव्या की नवव्या वेळची गोष्ट. लुंगी-बनियनवर दुधाची पिशवी घेऊन निघालेले एक बुजुर्ग थांबले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मियाँ, चार सौ साल से खडा है वो. तुमारे कागज पे गिर रा."

त्यांनी मला एक युक्तीही दाखवली. बोटानं हवेत एक उभी रेघ ओढली आणि म्हणाले, आधी ही बघा. मी घरी येऊन पुस्तक काढलं, तर मधली अक्षरेषा आधी आखावी असं पहिल्याच पानावर होतं. पहिलं पान मी सोडून दिलं होतं. प्रस्तावना असेल असं वाटलं.

दरवाजा निदान हलत नाही. रिक्षा हलतात. मला रिक्षा फार आवडतात आणि त्यांच्याशिवाय या गावाचं कुठलंही चित्र खोटं वाटेल. पण रिक्षाचं चालकाशी आणि चालकाचं सवारीशी जे नातं आहे, त्यात चित्रकाराला जागा नाही. पुढचं चाक आणि काच झाली की सवारी येते. माझ्या वहीत पुढच्या अर्ध्या रिक्षा चाळीसेक आहेत, अखंड रिक्षा एकही नाही. एका भल्या रिक्षावाल्याला माझी दया आली. "चच्चा, मैं खडा रैता, तुम आराम से निकालो," म्हणत तो हँडलवर हात ठेवून ताठ बसला, केसांवरून कंगवा फिरवला आणि वीस मिनिटं हलला नाही. मी त्याची रिक्षा पूर्ण केली, अगदी मागच्या नंबर प्लेटच्या कोपऱ्यापर्यंत. त्यानं उतरून पाहिलं आणि विचारलं, "मैं कां है इसमें?" हँडलवर त्याचे दोन्ही हात होते. हात असलेला माणूस मी टाळला होता.

आता जलरंगांकडे येतो. ज्या गावात नळाला पाणी येण्याचा वार लग्नाच्या मुहूर्तासारखा लक्षात ठेवावा लागतो, त्या गावातल्या माणसानं जलरंग निवडू नयेत. पन्नासएक किलोमीटरवर पैठणला नाथसागर पसरलेला आहे आणि आमच्याकडे आठवड्याला एकदा नळ येतो. लांबला तर आठवडाही मोठा होतो. त्या दिवशी बादल्या, पिंपं, पातेली, पूजेची घंगाळं सगळी भरली जातात. मी नुकताच ब्रश धुवायला एक मोठा मग पाण्याचा घेतला होता. हिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, काही न बोलता. तेव्हापासून मला रविवारची एक लिटरची एक बाटली मंजूर आहे. वापरून झालेलं पाणी परत आणायचं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचं, ही त्यावरची अट. कढीपत्ता जोमात आहे. फोडणीला टाकताना मी त्याचा रंग निरखून बघतो.

गंमत अशी की चारशे वर्षांपूर्वी याच मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं आणि मातीच्या नळांनी गावात खेळवलं होतं. नहर-ए-अंबरी म्हणतात तिला. पंप नव्हता, वीज नव्हती, नुसता उतार. त्या माणसाला कमानही सरळ जमली आणि पाणीही.

जलरंगाची पुस्तकं आमच्या हवेचा विचार करून लिहिलेली नसतात. पुण्याच्या मिलिंद मुळीकांची पुस्तकं मी भक्तिभावानं वाचतो, त्यांचे पावसातले रस्ते पाहिले की पान सुद्धा ओलं लागेल असं वाटतं. तंत्र सोपं सांगितलेलं असतं. कागद ओला करावा, तो ओला असतानाच त्यात रंग सोडावा, रंग आपोआप पसरतो आणि आकाश तयार होतं. आता हे मे महिन्यात दिल्ली दरवाज्यापाशी करून बघा. सकाळी नऊ वाजता मी कागदाच्या डाव्या टोकापासून पाणी फिरवायला घेतलं. उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक पापडासारखं वाळलं होतं. घाईनं निळा सोडला तर तो पसरायच्या ऐवजी जिथं पडला तिथंच बसून राहिला. त्यावर मी पुन्हा पाणी सोडलं. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाणी सोडलं की ते रंगाला ढकलत कडेला नेतं आणि तिथं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. माझ्या त्या आकाशात असे सात गड्डे आहेत. पाठीमागे उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलं, "काका, स्फोट झालाय का?"

सर्वांत अवघड रंग मात्र पांढरा. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. म्हणजे पांढरं काढायचं म्हणजे काहीच करायचं नाही. कार्यालयात मला ही गोष्ट वर्षानुवर्षं सहज जमली. कागदावर जमेना. ब्रश हातात असला की तो कुठंतरी टेकतोच. आणि अशा माणसानं बीबी का मकबरा काढायला घेतला.

मकबऱ्यासमोर बसल्यावर कळलं की तो पांढरा नाहीच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ मुलगा आझमशाह यानं तो बांधवला. खालच्या पट्टीला संगमरवर आहे, वर घुमटापर्यंत आपला काळा दगड आहे आणि त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा दिलाय, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. सकाळच्या उन्हात संगमरवर किंचित निळसर दिसतो आणि गिलावा साईसारखा पिवळट. म्हणजे बांधणाऱ्यांनी काटकसर कुठं केली ते साडेतीनशे वर्षांनंतर सुद्धा रंगाच्या डबीवरून कळतं! माझ्यातला लेखापाल जागा झाला. मंजुरी सात लाखांची होती असं म्हणतात आणि खर्चाचा जो आकडा जुन्या तवारिखेच्या हवाल्यानं सांगितला जातो तो आहे ६,६८,२०३ रुपये ७ आणे. मी त्या सात आण्यांच्या प्रेमात पडलो. घुमट राहू द्या, मिनार राहू द्या, ज्या कारकुनानं शेवटचे सात आणे सोडले नाहीत त्याला आधी मुजरा. मग मी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. शिल्लक ३१,७९६ रुपये ९ आणे. ती परत भरली की नाही, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्या दिवशी चित्र झालं नाही.

पुढच्या रविवारी झालं. एक कुटुंब थांबलं आणि गृहस्थ मुलाला म्हणाले, "बघ, काकांनी ताजमहाल किती छान काढलाय." खुद्द मकबऱ्यासमोर बसून काढलेल्या मकबऱ्याला! मला राग यायला हवा होता. पण त्यात 'छान' हा शब्द होता, तो वाया घालवावासा वाटेना. शिवाय मकबऱ्यालाही याची सवय असणार. ताजची नक्कल, ताजची नक्कल म्हणत लोकांनी त्याला कधी नीट पाहिलंच नाही. त्याच्या दरवाज्यावर वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत, आणि हा अताउल्ला ताज उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे नक्कल कसली, घरचाच धंदा तो. चित्र काढताना एक फरक डोळ्यांत भरतो. ताजचे मिनार अदबीनं लांब उभे असतात, मकबऱ्याचे मात्र घुमटाला खेटून, लग्नातल्या फोटोत घुसलेल्या काकांसारखे. मी ते जसे आहेत तसे काढले. त्या गृहस्थांनी जाताना सल्ला दिला, "फक्त मिनार जरा मोठे झालेत." वर तेच मिनार उभे होते. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

अजिंठ्याला मी एकदाच वही नेली आणि न उघडता परत आणली. तिथं आत अंधार असतो, हे एक कारण. दुसरं कारण मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये कंपनी सरकारनं या माणसाला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं जवळपास वीस वर्षं त्यात घातली. बहुतेक चित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि १८६६ च्या आगीत जळून गेली. मग जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले, त्यांनी पुन्हा तेरा वर्षं खपून नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रं दीड हजार वर्षं डोंगरात वटवाघळांच्या सोबतीनं टिकली आणि नकलांना विलायतेची हवा मानवली नाही. हे वाचल्यावर, माझी पहिली बारा चित्रं हिनं पापड वाळवायला अंथरली होती याचं दुःख बरंच कमी झालं. कार्ट्रिज कागदावर पापड छान सुटतात म्हणे.

वेरूळला मात्र मी जातो, गंगाराम तांबटसाठी. हा पुण्याचा माणूस. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या सांगण्यावरून १७९३ च्या सुमारास वेरूळला आला आणि लेणी जागेवर बसून रेखाटून गेला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यानं काढलाय. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जाहीरनामा निघायच्या दोनशे वर्षं आधी आपल्यातला एक जण कैलासासमोर वही घेऊन बसला होता, याचा मला फार आधार वाटतो. तो बसला तेव्हा पाठीमागे कोण येऊन उभं राहिलं आणि काय म्हणालं, हे कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

कैलास वरून खाली कोरत आणला आहे. खोडरबर नाही, जादा दगड नाही, टाकीचा एक घाव जास्त बसला तर तो कायमचा. बडोद्याला सापडलेल्या एका ताम्रपटात असं आहे की काम पुरं झाल्यावर खुद्द शिल्पीच थक्क झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं म्हणून. माझं प्रत्येक चित्र पुरं झाल्यावर मी सुद्धा अगदी हेच म्हणतो.

आमच्या कॉलनीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना सरच म्हणतात. दर रविवारी संध्याकाळी मी त्यांना वही दाखवतो. त्यांची गुणपद्धत अशी: चित्र पसंत नसेल तर "हं". सुधारणा असेल तर "बरंय". आणि फार क्वचित, "सही करा". तीन वर्षांत मला "हं" किती मिळाले याची नोंद मी ठेवली होती, ती फाडून टाकली. "बरंय" चौदा. "सही करा" हे मी फक्त त्यांनी दुसऱ्या एका मुलीला म्हटलेलं ऐकलं होतं. ती आठवीत आहे.

आणि आता परवाचा रविवार. भडकल दरवाजा, वेळ विसावी. पेन्सिलचं काम झालं होतं. मधली उभी रेघ आधी ओढली होती, कमान दोन्ही बाजूंनी उभी होती. बाटली उघडून मी पाणी ओतणार, एवढ्यात तोच तो रिक्षावाला, ज्याला मी रिक्षातून वगळलं होतं, उन्हातून आला आणि टेकला. "चच्चा, पानी है क्या?" या गावात कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही. त्यानं तोंड वर करून बाटली लावली आणि ती खाली आली तेव्हा तळाशी घोटभर सुद्धा नव्हतं. वर म्हणाला, "थंडा था, अच्छा लगा." फ्रिजमधली होती. हिनं कधी नव्हे ते थंड पाणी दिलं होतं.

टपरीवरून मागावं तर पोऱ्या म्हणाला, "काका, आज नळ नाही. पिंपात जे आहे ते चहाचं." मग मी तोच चहा घेतला, थोडा प्यायलो, आणि उरलेल्या अर्ध्या कपात ब्रश बुडवला.

सांगायला संकोच वाटतो, पण चार सौ साल उन्हापावसात उभ्या असलेल्या दगडाचा आणि झडत चाललेल्या चुन्याचा जो रंग मला एकोणीस वेळा जमला नव्हता, तो आला. डबीतला करडा चहात कालवला की त्यात एक मळकट ऊब येते. साखरेमुळे रंग लवकर वाळेना, त्यामुळे मे महिन्यात पहिल्यांदा मला ओल्यावर ओलं काम करायला वेळ मिळाला. कमानीखालची सावली मी एका दमात उतरवली. वर आकाश कोरं सोडलं, कारण चहा संपला होता. खाली कोपऱ्यात एक रिक्षा आहे, अर्धी.

टपरीवाल्यानं कपबशी उचलायला येऊन वहीत पाहिलं. काही विचारलं नाही. मागे वळून हाक मारली, "ए, इकडं ये, अपना गेट बघ!"

संध्याकाळी सरांनी चष्मा पुसला, वही दूर धरली, जवळ धरली, मग वास घेतला. "वेलदोडा?" म्हणाले. मी हो म्हटलं. "सही करा."

मी खिशातून पेन काढलं. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. सहीखाली तारीख पडली आणि तारखेखाली 'तपासले'. सर हसले, पण खोडा म्हणाले नाहीत. त्या कागदाला आता मुंग्या लागल्या आहेत आणि हिनं तो काचेच्या बरणीत ठेवला आहे, पापडांपासून लांब.

तर, रविवारी सकाळी सात वाजता भडकल दरवाज्यासमोरच्या टपरीपाशी घडीच्या स्टुलावर बसलेला एक जण तुम्हाला दिसेल. तुमच्या घराचा इंचही मोजायला तो आलेला नाही. पाठीमागे उभे राहा, काय चुकलंय ते सांगा. फक्त येताना पाण्याची एक बाटली आणा. चहा मी पाजीन.